दादांचं शून्य

वहिनी नेमक्या कुणाच्या वहिनी, हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेत नव्या आलेल्या प्रत्येकाला पडतो आणि पहिला चहा संपेपर्यंत तो विसरूनही जातो. शिपाई त्यांना वहिनी म्हणतो, हिशेबनीस वहिनी म्हणतो, आणि ज्यांच्या सहीशिवाय इथला बल्बसुद्धा बदलत नाही ते आमचे साहेबही वहिनीच म्हणतात. कारण साधं आहे. त्यांचे मिस्टर सगळ्यांचे दादा होते. दादा गेले, नातं मागे राहिलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा दादांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. म्हणजे मी त्यांना पाहिलेलं नाही. पण आमच्या दोन खोल्यांत त्यांना न भेटता वावरणं अवघडच होतं. स्क्रू त्यांनी पिळलेले, वायरी त्यांनी बांधलेल्या, आतल्या खोलीच्या दारावरची ‘आत कोणी नाही ना?’ ही पाटीसुद्धा त्यांनीच रंगवलेली. एखादा नट निघेना की लोक म्हणायचे, दादांनी बसवलाय, त्यांनाच विचारा. आणि मग मान खाली घालून पाना शोधायला लागायचे.

वहिनी पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, बारा महिने स्वेटरमध्ये. कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी तिथलं काय काय तापलंय ते बघतात. चहाचा कप यंत्रापासून दूर सारतात, खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे सवतीसारखं बघतात. माणूस म्हणजे शंभर वॅटचा हीटर, हे त्यांचं ठाम मत. इतर घरांत पाहुण्याला नाव-गाव विचारत असतील, वहिनी मनातल्या मनात त्याचे वॅट मोजतात. पहिल्या दिवशी मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, “तू सत्तर-ऐंशीच्या वर जाणार नाहीस. बरंय. आत यायला हरकत नाही.” हाडकुळा म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच माझं कौतुक झालं.

काम काय चालतं तेही सांगतो. माझ्या गावच्या शाळेत दुर्बीण ही कपाटात कुलूप लावून ठेवायची वस्तू होती आणि किल्ली बदली झालेल्या मास्तरांकडे होती, त्यामुळे मलाही हे सगळं उशिराच कळलं.

अंधाऱ्या रस्त्यावर समोरून ट्रक आला आणि डोळे दिपले की आपण हात आडवा धरतो. दिवे झाकले गेले की कडेने चालणारा माणूस दिसतो. दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह बघायचा तर हेच करावं लागतं, फक्त हाताच्या जागी केसाहून बारीक अशी काळी टिकली असते. टिकलीने तारा झाकायचा आणि शेजारच्या काळोखात ग्रहाचा ठिपका शोधायचा. या यंत्राला कॉरोनाग्राफ म्हणतात. अडचण एवढीच की दुर्बीण कधी जागच्या जागी राहत नाही. वारा लागतो, मोटर गुरगुरते, लोखंड आकसतं आणि तारा टिकलीमागून किंचित बाहेर डोकावतो. मग त्याचा उजेड कडेने सांडतो, आणि त्या सांडलेल्या उजेडाचा ठिपका हुबेहूब ग्रहासारखा दिसतो. म्हणून एक छोटा आरसा सेकंदाला शेकडो वेळा हलवून ताऱ्याला परत टिकलीमागे ढकलत राहावं लागतं. तो आरसा हलवणारा प्रोग्रॅम लिहायला मला घेतलं होतं.

कुठे ढकलायचं हे आरशाला सांगतो तो दुसरा कॅमेरा. टिकलीने अडवलेला उजेड आम्ही वाया घालवत नाही, तो या कॅमेऱ्याकडे वळवतो. आम्ही त्याला पहारेकरी म्हणतो. तो सतत त्या झाकलेल्या ताऱ्याकडे बघत बसतो आणि तारा जरा सरकला की बोंब मारतो. तारा सरकला हे त्याला कळतं कसं? सुरुवातीला तारा टिकलीमागे नीट बसवून त्याला एक चित्र दाखवून ठेवलेलं असतं, की बाबा रे, हे असं असलं पाहिजे. त्या चित्राला आम्ही शून्य म्हणतो. दुकानदार सकाळी रिकाम्या पारड्यावर काटा शून्याला आणतो, तसंच. पुढची सगळी मापं त्याच्या भरवशावर.

आमचं यंत्र अजून दुर्बिणीवर चढलेलं नव्हतं. आतल्या खोलीत जाडजूड टेबलावर ते मांडलेलं होतं, समोर ताऱ्याच्या जागी झाकण असलेला एक बारीकसा दिवा. म्हणजे तारा खोटा, आभाळ नाहीच आणि ग्रह तर कुठून असणार? टिकलीच्या शेजारी निव्वळ काळोख दिसायला हवा होता.

तिथे ठिपका होता.

माणसं आत काम करत असताना चित्र गढूळ असायचं, काही कळायचं नाही. सगळे बाहेर आले, दार लागलं, आतली हवा शांत झाली की काळोख निवळत जायचा. आणि त्या निवळलेल्या काळोखात, टिकलीच्या डाव्या अंगाला, तो सावकाश उजळायचा. आरसे पुसून झाले, वायरी बदलून झाल्या, टेबलाचे पाय तपासून झाले. खोली रिकामी झाली रे झाली की हा हजर.

गोदामवाल्या काकांनी त्याचं नाव ‘पाहुणा’ ठेवलं होतं. काका म्हणजे आमच्याकडच्या सगळ्या सामानाचे मालक. निदान वागणं तरी मालकाचं. देह कपाटाएवढा, आवाज त्याहून मोठा.

“रिकाम्या खोलीत रोज कोण येतं, ते मला ठाऊक आहे,” ते म्हणायचे. “पण ही विज्ञानाची जागा. इथे भूत म्हटलं तर नोकरी जायची. म्हणून आपला पाहुणा.”

सगळे हसायचे. वहिनी हसायच्या नाहीत. मला वाटायचं, कामाचा ताण असेल. मग एकदा दुपारी मी त्यांच्या मागे उभा होतो हे त्यांच्या लक्षात नव्हतं. पडद्यावर ठिपका उजळायला लागला. वहिनींनी चष्मा नीट केला आणि हळूच म्हणाल्या, “आलात?”

ठिपक्याला कुणी अहो-जाहो करत नाही. मी पाऊल न वाजवता मागे सरलो आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसलो. त्यानंतर त्या खोलीत एकटं बसायचं मी शक्यतो टाळू लागलो. घाबरलो होतो असं नाही, पण चहा प्यायला वारंवार जायला लागलो होतो हे खरं.

महिनाभराने यंत्र तपासायला वरून समिती येणार होती. ठिपका का दिसतो ते सांगा आणि घालवून दाखवा, नाहीतर हे यंत्र डोंगरावरच्या दुर्बिणीवर जाणार नाही, गोदामात जाईल, असं त्यांनी साहेबांना स्पष्टच कळवलं होतं. साहेबांना आम्ही धूमकेतू म्हणायचो. क्वचित उगवायचे आणि मागे माणसांची लांब शेपटी. उगवले की विचारायचे, “काय, गेला का?” आणि उत्तर यायच्या आत मावळायचे.

वहिनींना बढती नको होती, नाव नको होतं. त्यांना फक्त हे यंत्र डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीवर चढलेलं बघायचं होतं. दादांनी ते हाताने उभं केलं होतं. ते गोदामात गेलं असतं तर काकांनी त्यावर सामानाच्या नंबराचा स्टिकर चिकटवला असता, वर ताडपत्री टाकली असती आणि विषय संपला असता. काकांनी बिचाऱ्यांनी आधीच कोपरा रिकामा करून ठेवला होता. वहिनी गोदामावरून जाताना मान दुसरीकडे वळवून जायच्या.

दादा आणि वहिनींचं कसं जमलं, ते इथे सगळ्यांना पाठ आहे. वहिनी शाळा संपवून इथे लागल्या त्या तापमान बघणारी मुलगी म्हणून. आतल्या खोलीचा पारा किती चढला, किती उतरला, एवढंच काम. दादा वर्कशॉपमधले फिटर, आडवेतिडवे, दार उघडं टाकणारे. टेबलापाशी तासन् तास काहीतरी खाटखुट करत उभे राहायचे आणि इकडे पारा चढायचा. ही एवढीशी मुलगी एक दिवस दारात उभी राहिली आणि त्यांच्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलली, “बाहेर व्हा.”

“का?”

“तुम्ही आत असलात की खोली तापते.”

वर्कशॉपमध्ये या वाक्याचे जे काय अर्थ लावायचे ते लावून झाले. दादा मात्र निमूट बाहेर आले, आणि पुढे दोघांनी मिळून तो नियम केला: शून्य घ्यायचं तर आत कुणी थांबायचं नाही. दार लावायचं, खोली पुरती निवू द्यायची, आणि मग बाहेरच्या खोलीतून बटण दाबायचं. दारावरची पाटी त्याच नियमाची.

मी नवीन होतो आणि नव्या माणसाला जे सुचायला नको ते सुचतं. मी म्हणालो, “वहिनी, आपण शून्यच एकदा नव्याने घेऊन बघितलं तर?”

हिशेबनीस कारण नसताना उठून गेला.

“ते दादांचं शून्य आहे,” वहिनी म्हणाल्या. “ते सोडून बोल.”

नंतर कुणीतरी मला जिन्यात गाठून समजावलं. दादांनी जायच्या आदल्या दिवशी घेतलेलं ते शेवटचं शून्य. त्यावर यंत्र चाललं तेव्हा आरशाची चूक इतकी कमी आली, जितकी आधी कधीच आली नव्हती. पहारेकरी खूश, आकडे खूश. तेव्हापासून त्या शून्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. जग बदललं तरी चालेल, शून्य तेच. मी मनात म्हटलं, पहारेकरी खूशच असणार की. त्याला जे चित्र दाखवलं तेच तो बरोबर समजतो. चित्रच वाकडं असेल तर तो इमानदारीने वाकडंच धरून बसेल. पण हे मी मनातच म्हटलं.

त्या आठवड्यात बाहेर उकडत होतं. जेवणानंतर दार लावलेलं, आत कोणी नाही, आम्ही दोघं पडद्यासमोर. पाहुणा आला होता, चांगला ठळक. मी प्रोग्रॅममध्ये डोकं घातलेलं. अचानक वहिनींची खुर्ची मागे सरकली.

“जातोय.”

“कोण?”

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. ठिपका फिकट होत होता. आम्ही कशालाच हात लावलेला नव्हता. अगदी हळू, कुणी दिव्याची वात खाली करावी तसा, तो कमी कमी होत होता.

वहिनी म्हणाल्या, “आत कुणीतरी आहे.”

दार बंद होतं, पाटी जागेवर होती. वहिनींनी इंटरकॉमचं बटण दाबलं. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्यात भीती नव्हती, आशा होती, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

“कोण आहे आत?”

बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज आला, “मी आहे मी! स्टिकर लावतोय!”

काका. मागच्या दाराने शिरलेले. स्टिकर हे निमित्त. या इमारतीतली सगळ्यात गार जागा ती, आणि काका जेवण जिरवायला टेबलाशेजारी टेकून उभे होते. मी हसू की शिव्या देऊ या विचारात होतो, तोवर वहिनी म्हणाल्या, “हलू नका.”

“निघतोच आहे हो. रागावू नका.”

“हलू नका म्हटलं ना! कुठे उभे आहात?”

“हे अ‍ॅल्युमिनियमचं स्टँड आहे ना, त्याच्या अंगाला.”

पहारेकऱ्याचं स्टँड. टेबलावर जागा उरली नव्हती म्हणून दादांनी तो कॅमेरा स्वतः बनवलेल्या वेगळ्या स्टँडवर बाजूला बसवला होता.

“अजून जवळ व्हा. चिकटू नका. आता डावा हात वर करा. दिव्याच्या झाकणापर्यंत. झाकण धरल्यासारखं करा. मान थोडी खाली.” वहिनी डोळे मिटून बोलत होत्या. पडद्याकडे बघतच नव्हत्या. “उजवा हात कमरेवर. हो. असंच थांबा.”

“वहिनी, किती वेळ? खांदा दुखतोय.”

“थांबा.”

थोड्या वेळाने मी पडद्याकडे पाहिलं. ठिपका गेला होता. टिकलीच्या शेजारी काळोख, स्वच्छ, विहिरीसारखा. इतके दिवस आम्ही ज्यासाठी जिवाचं रान केलं तो काळोख. आणि भिंतीपलीकडे गोदामवाले काका कुणा दुसऱ्याच माणसासारखे उभे होते.

“झालं. या बाहेर,” वहिनी म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या त्या चाचपडत.

काका घाम पुसत आले. “काय झालं? मी काही मोडलं का?” आमचे चेहरे बघून त्यांनी पुढचा विनोद गिळला.

वहिनींना एकटीने घरी जाऊ द्यावं असं वाटेना म्हणून मी स्कूटरवर सोडायला गेलो. घरी त्यांची लेक आलेली होती. ती दुसऱ्या शहरात नर्स आहे. आईला आपल्याकडे न्यायला वरचेवर येते आणि हात हलवत परत जाते. तिने दार उघडलं, आईकडे एक नजर टाकली आणि मला म्हणाली, “काय केलंत हो तुम्ही हिला?”

“मी नाही. काकांनी.”

“काकांनी?”

“म्हणजे, ते नुसते उभे होते.”

यावर तिने मला आत बसवलं. बहुधा मलाही तपासायची गरज आहे असं तिला वाटलं असावं. स्वयंपाकघराकडे जायला एक अरुंद बोळ आहे. वहिनी पाणी आणायला निघाल्या आणि त्या बोळात शिरताना अंग चोरून, आडव्या होऊन गेल्या. येतानाही तशाच. बोळात काहीच नव्हतं.

“बघितलंत?” लेक मला म्हणाली. “बाबा एवढे रुंद होते की दोघं एका वेळी जायची नाहीत. ते गेले, ही अजून वाट देतेय. आई, कुणासाठी आडवी होतेस गं?”

“सवय गं.”

“सवय बोळातली. आज काय झालं ते सांग.”

वहिनी पेला हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, “त्या दिवशी ते आत होते.”

दिव्याचं झाकण त्या दिवशी अडकत होतं, बाहेरून उघडत नव्हतं. दादा आत गेले आणि झाकण हाताने उघडं धरून उभे राहिले. डावा हात वर, उजवा कमरेवर. इंटरकॉमवर म्हणाले, घे. वहिनी म्हणाल्या, अहो बाहेर या, खोली निवू दे, तुम्ही आत असताना शून्य कसं घेऊ? ते म्हणाले, “घे गं आता. झाकण दुरुस्त करतो नि उद्या परत घेऊ.” वहिनींनी बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा उठलेच नाहीत.

“म्हणजे त्यांच्या अंगाच्या उबेने ते स्टँड किंचित वाढलं होतं,” मी म्हणालो. खरं तर बोलायला नको होतं, पण मला गप्प बसता येत नाही. “पहारेकऱ्याला तेच बरोबर वाटलं. मग खोली रिकामी झाली की स्टँड आकसतं, आणि आरसा बिचारा ताऱ्याला तिथेच नेऊन ठेवतो, जिथे तो दादा उभे असताना होता.”

“मला समजलंय रे,” वहिनी म्हणाल्या. “तापमानाचं मला नको शिकवू.”

लेक म्हणाली, “मग घ्या ना परत शून्य. बाबाच म्हणाले होते, उद्या परत घेऊ.”

“परत घेतलं की जातील ते.”

“आई. ते गेलेत.”

“तुला काय जातंय बोलायला? मी रोज दार लावते आणि ते येतात.”

लेकीने बोळातला बल्ब लावला, आणि मी तिथून उठलो. जाताना मीही त्या बोळाकडे पाहायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी काका नवीच योजना घेऊन हजर. “समिती येईल तेव्हा मी उभा राहतो ना आत! नाहीतरी मी पगार उभं राहण्याचाच घेतो.”

मला वाटलं, वहिनी ओरडतील. त्या चटकन म्हणाल्या, “उभे राहाल?”

आणि खरंच तालीम सुरू झाली. काका आत, डावा हात वर. वहिनी बाहेर, इंटरकॉमवर. ठिपका जायचा. काका शिंकले की काळोखभर लाटा उठायच्या. शिंकायचं नाही असं ठरलं. पोट आत ओढलं तर ठिपका परत यायचा. पोट सोडायचं ठरलं. मी हसत होतो, पण वहिनी ज्या मायेने “थोडे डावीकडे... हां, असेच” म्हणायच्या, ते ऐकलं की हसू आपोआप ओसरायचं. काकांनाही जाणवलं असावं. बाहेर आले की ते बराच वेळ डावा खांदा चोळत बसायचे, आणि एकदा मला हळूच म्हणाले, “अरे, आत असताना मी एकटा नसल्यासारखं वाटतं. वहिनींना सांगू नको.”

अशाच एका तालमीत धूमकेतू उगवले. पडद्यावर काळोख बघून त्यांनी टाळीच वाजवली. “गेला की! काय केलंत?”

इंटरकॉममधून आवाज आला, “साहेब, मी उभाय!”

आम्ही सगळं सांगितलं. साहेब गंभीर झाले. मला वाटलं, आता नियम काढतील. ते म्हणाले, “समिती मागच्या दाराने तर येत नाही ना?” आणि शेपटीकडे वळून, “म्हणजे यांना बाहेरून बघणारं कुणी नसेल तर हरकत काय आहे? एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

“आणि डोंगरावर?” वहिनी म्हणाल्या.

“काय डोंगरावर?”

“डोंगरावर आत कोण उभं राहणार? तिथे बर्फ पडतं. दुर्बिणीच्या घुमटात माणसाला थांबू देत नाहीत. तिथे कुणाला उभं करणार तुम्ही, रोज, एक हात वर करून?” त्या साहेबांवर चिडून बोलत होत्या आणि बोलता बोलता थांबल्या. वहिनी पडद्याकडे बघत होत्या, तिथल्या उसन्या काळोखाकडे. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, “तिथे ते नसतील. तिथे तो ठिपका दिसेल, आणि लोक म्हणतील, ग्रह सापडला.”

इंटरकॉम खरखरला. “वहिनी, हात खाली घेऊ का?”

“घ्या,” वहिनी म्हणाल्या. “या बाहेर.”

शून्य दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलं. सकाळपासून वहिनींनी कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. मागच्या दाराला काकांनी स्वतः कुलूप घातलं आणि किल्ली वहिनींच्या समोर ठेवली. वहिनी एकदा आत गेल्या, मला वाटतं सगळं जागच्या जागी आहे ना ते बघायला. लगेच परत आल्या. त्यांना माहीत होतं, जितका वेळ आत थांबू तितकी आपलीही ऊब मागे राहील.

मग वाट बघणं. आकडे उतरत गेले, चित्र निवळत गेलं, आणि टिकलीच्या डाव्या अंगाला तो आला.

“वहिनी, खोली निवली. घ्यायचं?” मी विचारलं.

“थांब. पुरता येऊ दे.”

तो पुरता आला. इतका ठळक मी त्याला कधी पाहिला नव्हता. किंवा मी त्याला कधी नीट बघितलंच नव्हतं. काका दारात उभे होते, आतल्या खोलीपासून जमेल तेवढे लांब. लेकही आली होती, आईच्या मागे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

वहिनींनी इंटरकॉमचं बटण दाबलं. आत कुणी नव्हतं. कुलूप होतं.

“घेते हं,” त्या म्हणाल्या.

बोट बटणावर तसंच राहिलं. रिकाम्या खोलीची खरखर बाहेरच्या खोलीत येत राहिली. आम्ही सगळे ऐकत होतो. कशासाठी ऐकत होतो, ते मला विचारू नका. मग वहिनींनी ते बटण सोडलं आणि दुसरं दाबलं.

आरसा हलला, तारा टिकलीच्या बरोबर मागे बसला. जुन्या आणि नव्या शून्यातला फरक पडद्यावर उमटला. केसाच्या जाडीचेही हजार भाग करावे, त्यातला एखादा.

“एवढाच?” वहिनी म्हणाल्या.

ठिपका विझताना मला दिसला नाही. मी वहिनींकडे बघत होतो. पडद्याकडे वळलो तेव्हा काळोख होता.

समिती आली, तीन माणसं आणि बरंच सामान. त्यांनी स्वतः खोली बंद केली, स्वतः कुलूप लावलं, स्वतः वाट पाहिली. काळोख तसाच राहिला. अध्यक्षबाई कोरड्या आणि नीटस होत्या. त्यांनी विचारलं, “आधी जो ठिपका दिसत होता, त्याचं कारण?”

साहेब तयारीत होते. “शून्य घेताना खोलीत उष्णतेचा एक स्रोत राहून गेला होता.”

“कसला स्रोत? हीटर? दिवा?”

साहेबांनी शेपटीकडे पाहिलं. शेपटीने जमिनीकडे पाहिलं.

“माझे मिस्टर,” वहिनी म्हणाल्या.

बाईंचं पेन थांबलं. हा विनोद आहे का, ते त्या एकेका चेहऱ्यावर शोधत गेल्या. कुणी हसत नव्हतं.

“ते त्या वेळी आत होते?”

“होते. दिव्याचं झाकण धरून. मी बाहेरून घेतलं शून्य. उद्या परत घेऊ म्हणाले, ते राहिलं.”

“आणि आता?” बाईंचा आवाज खाली आला होता, पण प्रश्न त्यांना विचारायलाच हवा होता. “तो स्रोत आता तिथे नाही, याची खात्री कशी केलीत?”

“खोली निवू दिली,” वहिनी म्हणाल्या, “आणि बघत बसले.” त्यांनी चष्मा नीट केला. “नाहीत आता ते तिथे.”

बाईंनी मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. पुढचा प्रश्न खोक्यांचा होता. यंत्र डोंगरावर न्यायचं तर किती खोकी लागतील? वहिनींनी स्वेटरच्या बाह्या ओढून घेतल्या आणि कुठला भाग कशात गुंडाळायचा, कुठल्या थंडीत काय आकसेल, ते एकेक करून सांगायला लागल्या.